पातीच्या दुसऱ्या टोकाकडून

वडवणी, ११ जानेवारी २०२६

अक्का,

आधी एक दुरुस्ती. मागे एका पत्रात मी तुला लिहिलं होतं की २०१७च्या स्कीच्या रिलेत सिग्रिड पडली, ती स्वीडनच्या मुलीची काठी मध्ये आली म्हणून. ते खरं नाही. तेव्हा मी फोनवर अर्ध्या मिनिटाचा तुकडाच पाहिला होता. गेल्या आठवड्यात पूर्ण शर्यत सापडली. तीनदा पाहिली. शेवटच्या उतारावर स्वीडनची मुलगी चांगली दहा-बारा हात मागे आहे. सिग्रिडला कोणी शिवलेलं नाही. तिची डावी स्की वळणावर रुतते, ती पडते, आणि पहिला असलेला नॉर्वेचा संघ चौथा येतो. शर्यत संपल्यावर ती काय म्हणाली तेही खाली लिहून येतं. ती म्हणाली, "मला कोणी पाडलं नाही. मी पडले."

सिग्रिडच्या वहीतली ती ओळ मी खोडली, खाली बरोबर लिहिलं आणि तारीख घातली.

म्हणजे वही अजून चालू आहे. पहिल्या पानावर तो भेळीचा कागद तसाच चिकटवलेला आहे. तू तेरा वर्षांची होतीस, मी आठ. माय-आबा ऊस तोडायला गेले की पाचटाच्या कोपीत तू माझं बोट धरून त्या फोटोखालच्या ओळीवरून फिरवायचीस: नॉर्वेच्या शेतकरी घरातील सिग्रिड हेल्लांदला बर्फावरील शर्यतीत कांस्यपदक. शाळा मला नंतर भेटली. आधी तू. पहिलं वाक्य मी वाचलं ते हे. "ही लांबलांब चपला घालून बर्फावर पळती," तू म्हणाली होतीस, "आपून मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतो ना, तसंच. पाय घसरला की गेलं."

आणखी एक. तो फोटो पाहून तू स्कीवर गेलीस असं मी कॉलेजात सगळ्यांना सांगत असे. तेही खरं नाही. तू घर सोडून सीमेवरच्या दलाच्या भरतीला गेलीस कारण दुसऱ्या दिवशी तुझी सुपारी फुटणार होती. बर्फावरच्या ठाण्यावर नेमणूक झाली आणि दलाच्या संघाला चढावर न दमणाऱ्या मुली हव्या होत्या, म्हणून तू स्कीवर उभी राहिलीस. सिग्रिडचा त्यात काही हात नव्हता.

आज लिहायचं कारण असं. औलीच्या राष्ट्रीय स्पर्धेची यादी पाहिली. दोन मोसम तुझं नाव कुठेच नव्हतं. या यादीत आहे: महिला, दहा किलोमीटर, शनिवार ७ मार्च.

एक दुरुस्ती राहिली. २०२३च्या ऑक्टोबरात मी तुला लिहिलं, 'आबा म्हणतात, येऊ नको.' आबांचं बोलणं त्याहून लांब होतं. पत्रावर जागा संपली होती. पुढच्या पत्रात पूर्ण लिहिते. तुझा जुना नंबर लागत नाही आणि या पत्त्यावर तू अजून आहेस की नाही तेही माहीत नाही, म्हणून पोचपावतीसह पाठवते आहे.

तुझी
मंजुषा


वडवणी, २५ जानेवारी २०२६

अक्का,

जागा संपली नव्हती. खाली चार बोटं कागद कोरा होता. तुझ्याकडे ते पत्र असेल तर तुला दिसेलच, म्हणून मी आधीच कबूल करते असं समजू नकोस. नसेल तरी ते तसंच होतं.

तुझी त्या वर्षीची दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. मार्चच्या पत्रात तू युरोपातल्या जागतिक स्पर्धेबद्दल लिहिलंस. सिग्रिड पहिली आली. तू शेवटची आलीस. ती सतरा मिनिटं रेषेवर उभी राहिली, घामाचे कपडे अंगावर वाळवत, आणि तू आल्यावर तिनं तुला मिठी मारली. तू लिहिलंस, 'ती काहीतरी चांगलंच बोलली असेल, मला कळलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, बर्फ फाटावा आणि मी आत जावं.' मी हे पत्र आबांना वाचून दाखवलं तेव्हा शेवटची ओळ वाचली नाही. ती दुरुस्ती आबांकडे करायची आहे.

ऑक्टोबरच्या पत्रात तू विचारलंस, 'संघ सोडून घरी येऊ का? आबांना विचार. ते काय बोलतात ते शब्दाला शब्द लिही, तुझ्या मनचं घालू नको.' घर सोडल्यापासून तू आबांना काही विचारलं होतंस ते हेच. पहिलं वर्षभर ते तुझं नाव घेत नव्हते, हे तुला ठाऊक होतं.

त्या दिवशी ट्रॅक्टर दारात उभा होता. माय भांडी पोत्यात भरत होती, आबा कोंबड्यांची डालगी दोरीनं बांधत होते. मी विचारलं. आबांनी दोरी सोडली नाही. म्हणाले:

"आता येऊ नको म्हन. आमी निघालो, घराला कुलूप. कुलूप लावल्या घरी लेक कशी येईल? परतून आलो की ये म्हन. चैतात. मी फाट्यावर उभा ऱ्हातो. तिला म्हनावं पिशवी मी घेईन."

हे शब्दाला शब्द आहे. त्यातले पहिले तीन शब्दही मी नीट लिहिले नाहीत. 'आता' गाळलं.

का, तर तू संघ सोडू नयेस म्हणून. मी वहीत सिग्रिडच्या पानासमोरचं पान तुझ्या नावाचं केलं होतं. सिग्रिड दोन हिवाळे आजारी होती, सगळ्यांनी ती संपली म्हटलं, आणि ती परत आली. मला वाटलं, तूही संघात थांबशील, पुढच्या वर्षी शेवटून दहावी येशील. तू थांबलीस. पण तू लिहिणंही थांबवलंस.

आबांना मी काय सांगितलं? की तुझा जबाब नाही. २०२४च्या चैत्रात ते परतले आणि अकरा दिवस फाट्यावर चहाच्या टपरीशी जाऊन बसले. बीडची गाडी आली की उठून उभे राहायचे. गेल्या वर्षी चार दिवस गेले. टपरीवाल्यानं चेष्टा केली, "आश्रुबा, तुमाला यष्टीत नोकरी लागली का वो?" आबा हसले. घरी येऊन मायला म्हणाले, "रस्ता लांब हाय. लेक मोठी झाली."

मंजुषा


वडवणी, ८ फेब्रुवारी २०२६

अक्का,

पहिल्या पत्राची पोचपावती आली. त्यावर तुझी सही आहे. 'शि'ची वेलांटी अजून तशीच मागे वाकलेली, गाठ मारल्यासारखी. मी ती पावती दिवसभर खिशात ठेवली. मग भीती वाटली की घामानं शाई जाईल, म्हणून वहीत ठेवली.

तू काही लिहिलं नाहीस. पावतीवर लिहायला जागा नसतेच. (हे सबब म्हणून सांगत नाही, खरंच नसते.)

मी काय करते ते तुला सांगितलंच नाही. तोडीला गेलेल्यांची मुलं मागे राहतात त्यांचं सहा महिन्यांचं वसतिगृह असतं, तिथे मी आहे. बेचाळीस मुलं. स्वयंपाकाला मंगलमावशी. मी मुलांना कधी सिग्रिडच्या शर्यती दाखवते, तर त्यांनी माझं नाव 'शिग्रीडबाई' ठेवलंय. मावशी पोळ्या लाटता लाटता बघतात. "काट्या घेऊन पळायचं, अन् त्याचं मेडल? आमी जन्मभर चिखलात पळलो, कुत्र्यानं इचारलं न्हाई." काल बातमी आली की सिग्रिड १४ मार्चच्या पन्नास किलोमीटरनंतर थांबणार. चौतीस वर्षांची झाली. मी मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "थांबंल न्हाई तर काय! तिलाबी माय असंल. वाट बघत असंल."

आणि मग मला विचारलं, "तुझी थोरली येत न्हाई ना? कावून?"

मी म्हटलं, तिला सुट्टी मिळत नाही.

अक्का, ही खोटी गोष्ट चालू महिन्यातली आहे. म्हणून आता राहिलेलं लिहिते. तू संघ सोडू नयेस म्हणून मी ते गाळलं, हे मागच्या पत्रातलं खरं आहे, पण ते पुरतं खरं नाही.

आबा म्हणाले, मी फाट्यावर उभा ऱ्हातो. मी दोन वर्षं माजलगावला कॉलेजला जात होते. शेवटच्या गाडीनं यायची. फाट्यापासून घर दीड किलोमीटर. आबा गावात असायचे त्या दिवसांतही कधी फाट्यावर आले नाहीत. पिशवी घेईन म्हणाले नाहीत. मी पळून गेले नव्हते, म्हणून कोणी माझी वाट पाहत नव्हतं. त्या दिवशी दोरी बांधता बांधता त्यांनी तुझ्यासाठी ते म्हटलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं.

मला कोणी धक्का दिला नाही.

शनिवारी मी फडावर जाते आहे. आबांना सांगेन.

मंजुषा


वडवणी, १६ फेब्रुवारी २०२६

अक्का,

सांगितलं. झालं तसं लिहिते. जिथे मला नक्की आठवत नाही तिथे तसं म्हणेन.

सांगलीच्या पुढे टोळी उतरली आहे. दुपारी दोनला पोचले. माय लांबूनच ओरडली, "अगं मास्तरीण आली! पोरं उपाशी ठिवून आलीस काय गं?" मी पिशवीही खाली ठेवली नाही. ठेवली असती तर बोलले नसते.

"आबा, अक्कानं जबाब दिला नाही यात तिची चूक नाही. मीच तिला तुमचं अर्धं बोलणं लिहिलं."

आबांनी दोन बुडखे तोडले. बहुतेक दोनच. मग म्हणाले, "कोन्तं अर्धं?"

"येऊ नको, एवढंच."

"अन् फाट्याचं?"

"नाही लिहिलं."

कोयता थांबला. मायनं विचारलं, "कावून?" मी तुला लिहिलेली तिन्ही कारणं सांगितली, जागेचं खोटं कारणसुद्धा. माय म्हणाली, "दोन उन्हाळे ह्यो मानूस फाट्यावर बसलेला बघत व्हतीस. अन् त्याला डब्यात भाकर नेऊन देत व्हतीस."

ते खरं आहे. मी भाकरी नेऊन देत होते. बरोबर ठेचाही.

आबा परत पातीला लागले. रविवारी शिवरात्र होती. मायनं उपासाची रताळी उकडली, माझ्यापुढे सर्वांत मोठं ठेवलं, आणि माझ्याशी बोलली नाही.

दुपारी आबा मोळ्या बांधत होते. मी शेजारी उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करत होते. तेव्हा त्यांना तुझ्या पत्रातली ती ओळही सांगितली, बर्फ फाटावा असं वाटल्याची. ते बराच वेळ एकच मोळी आवळत राहिले.

"ती गोरी किती येळ उभी व्हती म्हनलीस?"

"सतरा मिनिटं."

"उभीच ऱ्हायली? सामोरी न्हाई गेली?"

तुला आठवतं ना, आपल्या टोळीत कसं असतं. ज्याच्या वाट्याच्या सऱ्यांची पात आधी संपली तो बांधावर बसत नाही. मागे पडलेल्या जोडीच्या पातीला दुसऱ्या टोकाकडून लागतो आणि तोडत तोडत त्यांच्याकडे येतो. मध्ये कुठेतरी गाठ पडते, दोघं हसतात, पात संपते. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

मी म्हटलं, "आबा, तिथे तसं चालत नाही. नियमात बसत नाही. दुसऱ्यानं हात लावला तर शर्यत बाद."

"लई शानी हायती मंग ते लोक," आबा म्हणाले. "मानूस मागं ऱ्हायलंय, दमलंय, समद्यांच्या डोळ्यांपुढं एकलं येतंय. अन् टाळ्या वाजवतेत. म्हनून तिला लाज वाटली. सामोरं कुनी गेलं असतं तर न्हाई वाटली असती."

मग थोड्या वेळानं: "कवा हाय म्हनलीस तिची शर्यत?"

"सात मार्च."

"चैताच्या आदी." ते बोटांवर काहीतरी मोजत होते. "मी दोन साल टोकावर उभा ऱ्हायलो. चुकलं माजंच. उभं ऱ्हायचं नसतंय."

मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तुजी तुज्यापाशी. ही माजी."

संध्याकाळी मुकादम आले, हनुमानकाका. आबांनी पंधरा दिवस मागितले. काका उडालेच. "आश्रुबा, ऐन मोसमात कोयता मोडतूस? सावित्रीबाई एकली काय करंल? अर्ध्या कोयत्याला मी पात कशी देऊ?" त्यांचंही खोटं नव्हतं. तोड जोडीनं मोजतात. एक तोडणार, एक मोळी बांधून डोक्यावर वाहणार. एकट्या माणसाला टोळीत जागा नाही.

मी म्हणाले, "आबांच्या जागी मी उभी राहते."

काका हसले. "तू? तुज्या हाताला खडू लागलाय गं. दोन दिवसांत रडत जाशील."

मला वाटलं, ते बरोबर म्हणतायत. मी तसं म्हणणारही होते. पण माय चुलीपासून उठली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याविषयी तोंड उघडलं. "रडू द्या. रडत तोडंल. माजी हाय, मी बघून घेते."

आज पहाटे निघताना आबा माझ्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत आले. साडेतीन किलोमीटर. मी नको म्हटलं, तुम्हाला पात आहे. ते पुढे चालत राहिले, माझी पिशवी खांद्याला लावून. गाडी आल्यावर त्यांनी पिशवी आत दिली. मी खिडकीतून मागे पाहिलं. ते उभे होते. वळण येईपर्यंत दिसत होते.

मला काय वाटलं ते लिहिणार नाही. अजून मला त्याची खात्री नाही.

मंजुषा


वडवणी, २२ फेब्रुवारी २०२६

अक्का,

दुसऱ्या पत्राचीही पोचपावती आली. तिसऱ्याची अजून नाही.

हे पत्र कामाचं आहे. तेलगावचा अभिमन्यू लष्करात आहे. त्याची सुट्टी संपते आहे, त्याला रुरकीला जायचं आहे. तो माझ्याबरोबर एक तारखेला फडावर येईल आणि दोन तारखेला सकाळी मिरजेहून आबांना घेऊन दिल्लीची गाडी पकडेल. हरिद्वारला तो त्यांना जोशीमठच्या बसमध्ये बसवून देईल. सहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत ते पोचतील, दरड कोसळून रस्ता बंद नसेल तर. पुढे ते एकटे आहेत. मी त्यांच्यासाठी पाच चिठ्ठ्या केल्या आहेत, प्रत्येक थांब्याला एक, हिंदीत. तरी मला काळजी वाटते. त्यांनी आयुष्यात फडापलीकडे प्रवास केलेला नाही. थंडीसाठी स्वेटर, कानटोपी आणि सत्यमचा फौजी कोट. सत्यम म्हणजे अभिमन्यूचा धाकटा भाऊ. कोट आबांना ढगळ होतो, पण त्यात दोन भाकऱ्या मावतात, असं आबांचं म्हणणं.

एक गंमत. मी फडावरून निघायच्या आदल्या संध्याकाळी, शिवरात्रीला, त्यांनी मला विचारलं, "त्या गावाचं नाव कसं लिवतेत?" मी उसाच्या कांडीनं मातीत 'औली' काढलं. त्यांनी कोयत्याच्या टोकानं त्याखाली काढलं. पहिल्यांदा मात्रा राहिल्या. पाच-सहा वेळा काढल्यावर बरोबर आलं. म्हणाले, "येवढंच व्हय? उगंच भेत व्हतो." तू मला शिकवलंस तेही मातीतच, आठवतं?

मंगलमावशी पंधरा दिवस मुलं सांभाळणार आहेत. त्यांना मी खरं सांगितलं, सगळं. त्यांनी लाटणं ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हात दाव." माझे तळवे उलटसुलट करून पाहिले. मग डब्यातली हळद पुडीत बांधून दिली. "फोड फुटला की लाव. अन् पोरांना काय सांगू? शिग्रीडबाई कुठं गेल्या म्हनू?"

मी म्हटलं, सांगा ऊस तोडायला गेल्या. त्यांची आई-बापं गेली तिथेच.

तुला औलीत आबांना भेटायला बसथांब्यावर ये, असं मी लिहिणार होते. आबांनी फोनवर सांगितलं, तसं लिहू नको. या वेळी मी त्यांचे शब्द बाजूला कागदावर उतरवले आणि फोनवर दोनदा वाचून दाखवले. ते असे:

"तिला म्हन, तू यायचं न्हाईस. तू तुज्या पातीवर ऱ्हा. पयली ये न्हाईतर शेवटची ये, मला ते कळत न्हाई. कुठल्या बाजूनं पळतेत तेवढं इचारून ठिवतो अन् मी दुसऱ्या टोकाकडून येतो. दोरीच्या आत न्हाई येनार, नियम हाय म्हनं. बाहेरून येईन. अन् पिशवी मी घेईन."

यात मी काही गाळलेलं नाही आणि माझ्या मनचं घातलेलं नाही.

मला तुला पाहायचं आहे. इतकी वर्षं मी सिग्रिडला पाहिलं. ती चढावर कशी पुढे झुकते, काठी कुठे टेकते, दमली की ओठ कसे आवळते, मला पाठ आहे. तू चढावर कशी दिसतेस ते मला माहीत नाही. वहीतलं तुझं पान सव्वादोन वर्षांपासून कोरं आहे. आबा परत आले की त्यांना विचारून ते मी भरीन, त्यांच्या शब्दांत. तू कधी आपणहून सांगितलंस तर तुझ्या. त्याची घाई नाही. माझ्यावर तू रागावलेली असशील तर तेही बरोबर आहे. ते पान मग तसंच राहील.

१४ मार्चला सिग्रिडची शेवटची शर्यत आहे, तोवर मी बहुतेक फडावरच असेन. पाहायला मिळणार नाही. तिचा शेवटचा क्रमांक मी उशिरा लिहीन, पण बरोबर लिहीन.

माझा कोयता हनुमानकाकांकडून घेतला आहे, मुठीला नवी चिंधी बांधून. मायनं निरोप दिलाय की कमरेत वाकायचं, पाठीत नाही. आबांच्या जागी मी पातीला लागते: सोमवार, २ मार्च, दिवस उगवताना.

मंजुषा